उमरठ ते हिंजवडी, व्हाया बेंच

ज्या गावचा सर्वांत नामवंत माणूस पोराचं लग्न टाकून कामावर गेला, त्या गावच्या माणसानं मॅनेजरकडे रजा मागायच्या फंदात पडू नये. माझं गाव उमरठ. रायगड जिल्हा, पोलादपूर तालुका. मुंबई-गोवा महामार्गावरच्या पोलादपुरातून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागायचं आणि कापड्याहून आत वळायचं. आमच्या पुढे ढवळे, त्याच्या डोक्यावर चंद्रगड, आणि मग थेट सह्याद्री आडवा. म्हणजे चुकून कुणी येत नाही. येतात ते तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीवर डोकं टेकवायला. शेलारमामांची समाधीही इथंच.

२०२० च्या जानेवारीत तानाजीरावांवरचा तो हिंदी सिनेमा आला, तोवर हिंजवडीत याचा कुणाला पत्ता नव्हता. माझा मॅनेजर 'उमरठ'ला 'उमरेड' समजायचा आणि एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या उन्हाची आस्थेनं चौकशी करायचा. मीही कधी दुरुस्ती केली नाही; उष्माघाताच्या नावावर एखादी सुट्टी सुटायची. सिनेमा आला आणि घात झाला. बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज टाकला, तर साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "तुमच्याच गावचे ना ते?" बास. रजा निम्म्यावर आली.

त्या वेळी सुचलं नाही, पण नंतर वाकडच्या पुलाखाली कंपनीच्या बसमध्ये अडकलो असताना (तिथं माणसाला बरंच काही सुचतं) लक्षात आलं, की ही गोष्ट नीट वाचली तर ती सगळी आमच्याच बाजूची आहे. तानाजीराव महाराजांकडे रायबाच्या लग्नाचं बोलावणं घेऊन गेले होते. महाराजांनी काही रजा नामंजूर केली नव्हती; मोहिमेवर स्वतः निघायची त्यांची तयारी होती. म्हणजे वरिष्ठानं काम स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. हे दृश्य मी हिंजवडीच्या तिन्ही फेजमध्ये कुठं पाहिलेलं नाही. दुसरं, तानाजीरावांना एका वेळी एकच गड दिला होता. कोंडाणा घेता घेता दुपारी पुरंदरचा कॉल घ्या, आणि संध्याकाळी तोरण्याला थोडा सपोर्ट द्या, असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिसरं, काम फत्ते झाल्यावर महाराजांना गड मिळाल्याच्या आनंदापेक्षा माणूस गेल्याचं दुःख मोठं झालं. आमच्याकडे गड आल्याची मेल सुटते, तीत चाळीस जणांना सीसी असतो, खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची चित्रं पडतात, आणि सिंहाच्या जागी सोमवारपर्यंत रिप्लेसमेंट मागवलेलं असतं.

शेलारमामांचं तर नावच काढू नका. लोककथेप्रमाणे मामा त्या रात्री ऐंशीच्या घरात होते. लीड पडल्यावर कसलंही हँडओव्हर नसताना त्यांनी काम पुरं केलं. आमच्या धंद्यात पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला एचआर फार आदरानं वागवतं. फार आदरानं वागवायला लागलं, की त्यानं बायोडेटा झटकायला घ्यावा.

असो. खरी अडचण रजेची नाही. खरी अडचण, आमची कंपनी बनवते तरी काय, हे गावाला सांगण्याची आहे. महाडच्या एमआयडीसीत जाणारा सांगतो, केमिकलमध्ये आहे. संपला विषय. वासच साक्ष देतो. मुंबईला असलेला सांगतो, बँकेत, बेस्टमध्ये, कुरिअरमध्ये. माझ्यावर पाळी आली की ओटीवर सभा भरते.

"अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, ते सांभाळतो."

"तू बनवलंस?"

"नाही. माझ्या जन्माच्या आधी कुणी तरी अमेरिकेतच बनवलंय."

"मंग तू काय करतोस?"

"ते बंद पडू नये म्हणून बघतो."

"बंद पडतं काय?"

"आम्ही त्यात सुधारणा केली की पडतं."

यावर सगळ्यांनी माझ्याकडे, आणि मग माझ्या आईकडे, अशा नजरेनं पाहिलं, की तिनं उठून चहा टाकला.

सुटका केली ती तात्यांनी. तात्या म्हणजे माझे चुलत आजोबा. उमेदीची वर्षं लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात गेली. सध्या मुक्काम गावी, काम सगळ्यांच्या कामात लक्ष घालणं. त्यांनी मोजके प्रश्न विचारले. काम कुणाचं? अमेरिकेतल्या कंपनीचं. पगार कोण देतो? पुण्याची कंपनी. अमेरिकावाला पुण्याच्या कंपनीला काय देतो? माझ्या प्रत्येक तासाचे डॉलर. आणि पुण्याची कंपनी तुला? मी आकडा सांगितला. तात्यांनी पानाचा देठ खुडला आणि म्हणाले, "म्हंजे तू मुकादमाकडं हायस. आधी सांगायचं ना!"

ओटीवरची सभा एकदम सुटकेचा श्वास टाकून मोकळी झाली. मुकादम सगळ्यांना ठाऊक होता. रस्त्याच्या कामावर असतो, विटांच्या भट्टीवर असतो. कन्सल्टन्सीच्या वेबसाइटवर 'डिजिटल परिवर्तनाचा प्रवास' म्हणून जे बावीस पानी लिहिलेलं असतं, ते तात्यांनी एका शब्दात उरकलं. मी उगीच थोडा बचाव केला. म्हटलं, तात्या, असं नाही, मोठा धंदा आहे हा. टीसीएस मुंबईत १९६८ साली सुरू झाली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सात जणांनी काढली, दहा हजार रुपयांत, तेसुद्धा नारायण मूर्तींच्या बायकोनं साठवलेल्या. तात्यांना दहा हजारांत गोडी वाटली.

"दहा हजारात साचे किती आले?"

"एकही नाही. साचे गिऱ्हाइकाचे. यांनी फक्त माणसं पुरवली."

"आन् कापड?"

"तेही गिऱ्हाइकाचं."

तात्या बराच वेळ गप्प बसले. गिरणीमालकांना हे का सुचलं नाही, याचाच विचार करत असावेत.

माझा प्रोजेक्ट संपला आणि मी बेंचवर आलो, तेव्हा तात्यांशी माझी खरी सोयरीक जमली. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक गिऱ्हाईक सुटलं आणि दुसरं लागलं नाही, की माणूस बेंचवर जातो. पगार चालू असतो, काम नसतं. ऐकायला हे स्वर्ग वाटतं. पहिला आठवडा तो असतोही. माणूस कँटीनमध्ये बसून इडली सावकाश खातो, लायब्ररी कुठल्या मजल्यावर आहे ते शोधतो, आईला दुपारी फोन करतो आणि तिला घाबरवतो. दुसऱ्या आठवड्यात लक्षात येतं, की आपण काहीच करत नाही हे कुणाला तरी दिसतंय. तो 'कुणी तरी' म्हणजे रिसोर्स मॅनेजमेंटचा माणूस. त्याच्या पडद्यावर तुमचं नाव एका रांगेत असतं, आणि रोज त्या रांगेचा रंग थोडा थोडा बदलत जातो. मग फोन सुरू होतात. "तुम्हाला अमुक येतं का?" नाही म्हणायची सोय नसते. येत नसलं तरी 'एक्स्पोजर आहे' म्हणायचं. मी ज्या तंत्रज्ञानाचं नाव फक्त लिफ्टमध्ये ऐकलं होतं, त्याचंही मला एक्स्पोजर होतं. मग कंपनीच्याच दुसऱ्या टीमकडून मुलाखत. ज्या कंपनीत सहा वर्षं नोकरी, त्याच कंपनीत नोकरी मिळावी म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचं. तिथं नापास झालो, की पुन्हा कँटीन, इडली आता लवकर संपवायची, कारण शेजारच्या टेबलावर ओळखीचा बिलेबल, म्हणजे गिऱ्हाइकाला लागलेला, माणूस असतो आणि तो फार सहानुभूतीनं विचारतो, "अजून नाही?"

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना बेंच समजावून सांगताना रात्र होईल. त्यांना अर्ध्या वाक्यात कळलं.

"बदलीवाला झालास."

गिरणीत कायम कामगार होते आणि बदली कामगार होते. बदलीवाल्यानं रोज पाळीच्या भोंग्याआधी गिरणीच्या दारात उभं राहायचं. ज्या कायम माणसाचा खाडा पडेल, त्याच्या साच्यावर बदलीवाल्याला घ्यायचं. कुणाला घ्यायचं ते जॉबर ठरवणार. तात्यांनी अशी कित्येक वर्षं काढली. दारात पंधरा-वीस जण, आत चार जागा, आणि जॉबर दाराशी येऊन चेहरे बघतोय. "येकदम पुढं बी उभं ऱ्हायचं न्हाय आन् मागं बी न्हाय," तात्या सांगत होते. "पुढं ऱ्हायलं तर त्याला वाटायचं, ह्यो लई गरजू, ह्याला उद्या घेतला तरी चालंल. मागं ऱ्हायलं तर दिसायचंच न्हाय." रिसोर्स मॅनेजमेंटला रोज मेल पाठवावी की एक दिवसाआड, यावर आम्ही बेंचवाल्यांनी कँटीनमध्ये जो खल केला होता, त्याचं उत्तर साचेखात्यात केव्हाच तयार होतं. जॉबरला चहा पाजायचा का, यावरही तात्यांकडे सविस्तर माहिती होती. पाजायचा, पण स्वतः बरोबर बसून प्यायचा नाही.

फरक एकाच ठिकाणी होता, आणि तो सांगताना तात्यांना माझी खरोखर दया आली. बदलीवाल्याला काम लागलं नाही, तर त्या दिवशी मजुरी नसायची, हे वाईटच. पण तो मोकळा असायचा. गावकीच्या खोलीवर जाऊन झोपायचा, नाही तर भारतमाता टॉकीजला मॅटिनी बघायचा. काम नसताना काम असल्यासारखं दिसायचं, ही पाळी त्याच्यावर कधी आली नाही.

टीसीएसनं २०२५ च्या जूनमध्ये नियम काढला, की माणसानं वर्षात २२५ दिवस तरी बिलेबल असावं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त बसू नये. पुढच्याच महिन्यात सुमारे १२,००० माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, म्हणजे एकूण माणसांच्या दोनेक टक्के. ती बातमी मी तात्यांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "पस्तीस दिवसांनी दारात उभं ऱ्हायला बी देत न्हाईत?"

तात्यांचा आणि माझ्या धंद्याचा सहवास वाढला तो मात्र त्याच्या कितीतरी आधी, टाळेबंदीत. २०२० च्या मार्चमध्ये हिंजवडी ओस पडली आणि मी लॅपटॉप, की-बोर्ड आणि कंपनीची पाण्याची बाटली घेऊन उमरठला आलो. चाकरमानी गावी येतो तो गणपतीला आणि शिमग्याला. येताना पेढे आणतो आणि चार दिवसांत परत जातो. आम्ही पेढे न आणता आलो आणि जाईनाच. धाकटा चुलतभाऊही आला. तो आमच्याच धंद्यात, दुसऱ्या कंपनीत.

घरात धड रेंज नव्हती. ती आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, एका आंब्याखाली, तीही उत्तरेकडे तोंड केलं तरच नीट मिळायची. रोज सकाळची मीटिंग, जिला 'स्टँड-अप' म्हणतात, ती खरोखर उभ्यानं करणारी आपापल्या कंपनीतली एकमेव माणसं म्हणजे मी आणि माझा भाऊ. दोघांच्या दोन कंपन्या, दोन मॅनेजर, एक आंबा. त्याच्या 'ब्लॉकर काही नाही' या वाक्यावर माझ्या गिऱ्हाइकानं समाधान व्यक्त केल्याचं मला आठवतं. खालून कुणाची म्हैस घंटा वाजवत गेली, तर अमेरिकेतून विनंती व्हायची, की ज्यांच्याकडे दाराची बेल वाजतेय त्यांनी कृपया म्यूट व्हावं. म्हशीनं कुणाचं ऐकावं?

आईनं आठवडाभरात सगळी परिभाषा उचलली. ओटीवर कुणी मोठ्यानं बोललं तर "अरे, त्याचा कॉल हाय, म्यूट व्हा" असं अख्ख्या वाडीला बजवायची. फोनवरचा आवाज कुणाचा, हेही तिला कळायला लागलं. अमेरिकेतला आवाज आला की दार लोटून घ्यायची आणि कोंबड्या हाकलायची. पुण्याचा मॅनेजर असला तर कोंबड्या राहू द्यायची.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनकडून आत शिरलं आणि सगळा दक्षिण रायगड झोपवून गेलं. कुणाची कौलं, कुणाचे पत्रे, झाडं तर किती गेली त्याला गणती नाही, आणि विजेचे खांब असे आडवे झाले की तालुक्यात कितीतरी दिवस अंधार होता. अखेर पोलादपुरात फोन लागला तेव्हा मी मॅनेजरला सगळं सांगितलं. त्यानं फार आपुलकीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण तुमच्या सोसायटीत पॉवर बॅकअप नाहीये का?"

मी म्हटलं, सोसायटी आहे. विविध कार्यकारी. खत देते.

जुलैत लावणी आली. इथं आमच्या आळीतल्या एका इंजिनिअरची हकीकत सांगायला हवी. नाव सांगत नाही, तो अजून बिलेबल आहे. त्याच्या कंपनीच्या चॅटवर नावापुढे एक हिरवा ठिपका असे. माणूस थोडा वेळ हलला नाही की ठिपका पिवळा होई, आणि पिवळा झाला की मॅनेजरचा 'हाय' येई. नुसता 'हाय'. पुढे काही नाही. आयटीतल्या माणसाला या 'हाय'ची जेवढी भीती वाटते तेवढी राजीनाम्याच्या पत्राचीही वाटत नाही. इकडे खाचरात चिखलणी झालेली, आवण उपटून ठेवलेलं, माणसं मिळत नाहीत, आणि घरचा धडधाकट गडी ठिपका राखत बसलेला. तो उपाय कुणी सुचवला ठाऊक नाही, पण साहित्य तात्यांचं होतं. गिरणीत कायम झाले तेव्हा तात्यांनी एचएमटीचं घड्याळ घेतलं होतं. चावीचं, पांढऱ्या तबकडीचं, बारीक लांब सेकंदकाट्याचं. काच एका बाजूला चरे पडून धुरकटलेली, पट्टा तिसरा की चौथा. ते घड्याळ पाटावर उताणं ठेवायचं आणि त्याच्या काचेवर माऊस. माऊसच्या पोटातला लाल उजेड फिरत्या काट्यावर पडतो आणि यंत्राला वाटतं, माणूस हात हलवतोय. पडद्यावरचा बाण इवला इवला थरथरत राहतो. ठिपका हिरवा.

तात्या पाटाशेजारी मांडी घालून पहाऱ्याला बसायचे. सकाळी स्वतः चावी द्यायचे. खाली खाचरात सगळं घर गुडघाभर चिखलात वाकलेलं, आणि वर तात्यांचं एचएमटी एका जर्मन बँकेच्या कामावर हजर. "आमच्यात दुसऱ्याचं कार्ड पंच केलं तर दोघांना बी घालवायचे," तात्या म्हणायचे, "घड्याळाला कोन घालवणार?" त्या तिमाहीत त्या इंजिनिअरला 'सातत्यपूर्ण उपलब्धता' या सदराखाली शाबासकीची मेल आली. तात्यांनी ती मला दोनदा मराठीत सांगायला लावली.

सत्तर तासांचा आठवडा नारायण मूर्तींनी २०२३ च्या ऑक्टोबरात सुचवला. लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी २०२५ च्या जानेवारीत तो नव्वदवर नेला. यावर देशभर वाद झाला. आमच्याकडे आईनं लावणीतला स्वतःचा आठवडा बोटांवर मोजून पाहिला आणि विचारलं, "आन् रविवारी काय करत्यात ती?"

अप्रेझलपाशी मात्र तात्यांची गाडी अडली. गिरणीत कापड वारावर मोजायचे. इतके वार निघाले, इतके पैसे. वार कमी भरले तर भांडता यायचं, कारण कापड समोर पडलेलं असायचं. आमच्याकडे वर्षअखेर एक फॉर्म येतो. आपण वर्षभर काय केलं ते आपणच लिहायचं, आणि आपल्यालाच गुण द्यायचे. लाजून तीन दिले तर मॅनेजर म्हणतो, 'तुम्हीच तीन दिलेत'. धीर करून पाच दिले तर म्हणतो, 'आत्मपरीक्षणाची गरज आहे'. शेवटी तो खोलीत बोलावतो आणि सांगतो, "काम उत्तमच आहे, पण कर्व्हमध्ये बसत नाहीये." बेल कर्व्ह म्हणजे शंभरातले काही जण उत्तम, बहुतेक बरे आणि काही वाईट असलेच पाहिजेत, असा आधीच ठरवलेला निकाल. सगळ्यांनीच चांगलं काम केलं तर काय, असं तात्यांनी विचारलं. तर मग चांगलं काम करणाऱ्यांतले काही वाईट.

"हे जॉबर ठरवतो?"

"नाही. जॉबर म्हणतो, वरून आलंय."

"वर कोन?"

"ते तात्या, मलाही कधी भेटलेलं नाही."

मग त्यांनी विचारलं, नवा पोरगा लागतो त्याला काय मिळतं? मी म्हटलं, मोठ्या कंपन्यांत वर्षाला तीन-साडेतीन लाख. मी लागलो तेव्हाही साधारण तेवढेच होते. "आन् महागाई भत्ता?" मी हसलो. तात्या हसले नाहीत. गिरणी कामगाराला महागाईच्या आकड्याप्रमाणे भत्ता मिळायचा. आकडा चढला की भत्ता चढायचा. मुंबईत डाळ महागली तर ती गिरणीमालकाला कळत होती, हिंजवडीत ती फक्त मेसवाल्या काकूंना कळते. मग स्वाभाविकपणे पुढचा प्रश्न आला: युनियन? मी सांगितलं, पुण्यात 'नाईट्स' नावाची एक संघटना आहे, कामगार आयुक्तांकडे, मंत्रालयाकडे तक्रारी करते, पेपरात येतं. आमच्यातले बरेच जण तिच्या पोस्टी वाचतात. लाइक करत नाहीत. मॅनेजर दिसेल म्हणून.

तात्या १८ जानेवारी १९८२ ला गिरणीतून बाहेर पडले ते डॉक्टर सामंतांच्या संपात. अडीच लाख माणसं एकदम बाहेर होती. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. त्या हिशेबानं तात्या अजून संपावर आहेत, आणि पोलादपूर स्टँडवर कुणी विचारलं तर तसंच सांगतात. गावी आले, भात लावलं, नाचणी लावली, गिरणी कामगारांच्या घरासाठी म्हाडाचा फॉर्म भरला. त्या फॉर्मची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या ट्रंकेत आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललंय. खोली आधी की रस्ता आधी, यावर तात्यांनी आमच्या वाडीतल्या दोघांशी पैज लावलेली आहे. माझ्या मॅनेजरनं एकदा मला 'डेडलाइनचं गांभीर्य' यावर सुनावलं, तेव्हा मी पळस्प्यापासून खड्डे मोजत आलो होतो आणि मला मनापासून हसू आलं होतं.

लग्नाच्या बाजारात मात्र आयटीवाल्याचा भाव अजून टिकून आहे, जरी चौकशा बदलल्या. पूर्वी मुलीकडचे विचारायचे, ऑनसाइट कधी जाणार? अमेरिका म्हटलं की सुपारी फुटायची. आता बातम्या सगळ्यांनीच वाचलेल्या असतात. गेल्या मे महिन्यात धाकट्या चुलतभावाला पाहुणे आले, महाडकडचे. मुलगीही पुण्यात, सॉफ्टवेअर टेस्टिंगला. तिच्याबरोबर वडील, आत्या आणि एक मामा. मामा पाटावर टेकतात न टेकतात तोच म्हणाले, "मुलगा प्रोजेक्टवर आहे का बेंचवर?"

आमच्याकडून तात्यांनी उत्तर दिलं. "कायम हाय. बदली न्हाय."

मामांनी मान वर केली. "गिरणीत होता काय?"

"साचेखातं. लालबाग."

"मी परळला. वाइंडिंगला."

पुढचा अर्धा तास मुलगा-मुलगी दोघंही विसरली गेली. गावकीच्या खोल्यांचा विषय निघाला. एका खोलीत चाळीस माणसं कशी राहायची, तर तीन पाळ्यांत. पहिली पाळी कामावर गेली की तिच्या वळकटीवर तिसरी पाळी येऊन आडवी व्हायची. अंथरूण कधी थंड पडायचं नाही. खानावळवाली, तिचा महिन्याचा हिशेब, एकादशीची साबुदाण्याची खिचडी. आईनं दुसऱ्यांदा चहा आणला, आत्यांनी तिसऱ्यांदा खोकून पाहिलं. शेवटी मुलीचे वडील म्हणाले, पोरांना काही बोलायचं असेल तर बोलू द्या.

धाकटा घामाघूम झालेला. त्याला वाटलं होतं, स्वयंपाक येतो का, गाणं आवडतं का, असलं काही तरी बोलायचं असतं. मुलीनं सरळ विचारलं, "नोटीस पिरियड किती?"

"नव्वद दिवस."

"बायआउट करू देतात?"

"मॅनेजरवर आहे."

"म्हणजे नाही," ती म्हणाली. "क्लायंट कुठला?"

"सध्या ऑस्ट्रेलिया."

"लॉग-इन?"

"पहाटे साडेचार. दुपारी दीडला सुटतो. रात्री आठला झोपावं लागतं."

"माझा कॅलिफोर्निया. संध्याकाळी सातला बसते, पहाटे चारला उठते."

ओटीवर शांतता पसरली. मुलीच्या आत्यांनी हे मनातल्या मनात घड्याळावर मांडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे एक झोपायला जातो तेव्हा दुसरी कामावर, आणि ती झोपायला येते तेव्हा हा दात घासत असतो. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपच्या पिशवीची चेन लावली, उघडली.

तात्या आणि मामा एकमेकांकडे बघत होते.

"पहिली आन् तिसरी," मामा म्हणाले.

"जमतंय की!" तात्यांनी मांडी बदलली. "पुन्यात खोल्या लई महाग म्हनत्यात. ह्यांना खाट येकच पुरंल."

मुलगी पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली. तिच्या वडिलांनी देण्याघेण्याच्या बोलण्यातून फर्निचर तिथंच कमी करून टाकलं.